कॅप राउंडसाठी समुपदेशक लावावा का? तीस हजार मागताहेत, लॉगिनही मागताहेत

सईची आई

नमस्कार. आम्ही वाईचे. मुलीला यंदा एमएचटी-सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये ९३.४१ पर्सेंटाइल पडले. आम्ही ओबीसी, जात वैधता हातात आहे, नॉन-क्रिमिलेअरही मिळालंय. मिस्टरांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. तिला कॉम्प्युटर किंवा आयटी हवंय. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच, त्यामुळे विचारायला जवळचं कुणी नाही.

गेल्या रविवारी पुण्यात एका समुपदेशकांकडे जाऊन आलो. बाहेर तीस-चाळीस पालक बसलेले, भिंतीवर ॲडमिशन मिळालेल्या मुलांचे फोटो. आमची वेळ आली तेव्हा जेमतेम वीस मिनिटं मिळाली. सईकडे त्यांनी एकदाच बघितलं, ते मार्क विचारायला. पॅकेज तीस हजार, निम्मे आधी. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चारही फेऱ्यांचे ऑप्शन फॉर्म (पसंतीच्या कॉलेजांची यादी) तेच भरणार. त्यासाठी अर्ज क्रमांक आणि पासवर्ड त्यांना द्यायचा आणि नोंदणीतला मोबाइल नंबरही त्यांचाच टाकायचा. निघताना म्हणाले, "कॅपच्या मागे कशाला लागता? एका कॉलेजात ओळख आहे, इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, कॉम्प्युटर पक्कं करून देतो, आज टोकन ठेवा."

मिस्टर तयार झाले होते. त्यांचं म्हणणं, आपल्याला यातलं कळत नाही, उगाच मुलीचं वर्ष जायला नको. मी दोन दिवस मागून घेतलेत. सई परतीच्या प्रवासात खंबाटकी घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "आई, त्यांनी मला काय आवडतं ते विचारलंच नाही."

ज्यांनी समुपदेशक लावला आणि ज्यांनी नाही, दोघांनीही सांगा. खरंच गरज असते का?

---

चिंचवडचा बाबा

ताई, पासवर्ड देऊ नका. बाकीचं सावकाश ठरवा, पण हे आजच पक्कं करा.

आम्ही गेल्या वर्षी वीस हजार दिले. फॉर्म त्यांनी भरला, त्यांनीच लॉक केला आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर प्रिंट पाठवली. पहिल्या नंबरावर घराजवळचं एक कॉलेज, जे मुलाच्या स्वतःच्या यादीत सातवं होतं. विचारलं तर म्हणाले, मोठी कॉलेजं वर लिहून पहिला पर्याय वाया घालवायचा नसतो. मला ते पटलं. पहिल्या फेरीत तोच पहिला पर्याय लागला. आम्ही पेढे वाटले.

आठेक दिवसांनी मुलाने त्या फेरीच्या कटऑफची पीडीएफ उघडली. रात्रीचे साडेबारा वाजले असतील. तो माझ्या खोलीत आला, मोबाइल पुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्याला हवं ते कॉलेज, हवी ती शाखा. तिथे जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाचा मेरिट नंबर आमच्या नंबराच्या जवळजवळ नऊशे मागे होता. म्हणजे ते नुसतं वर लिहिलं असतं तरी मिळालं असतं. पण पहिला पर्याय लागला की तो ऑटो-फ्रीझ होतो, पुढच्या फेरीचा रस्ता बंद. त्याने एवढंच विचारलं, "बाबा, हे आपण आधी का नाही बघितलं?"

मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे, नीट शिकतोय. पण ते बोट मला अजून दिसतं. या लोकांच्या जाहिरातीत "इतक्या मुलांना पहिल्या पसंतीचं कॉलेज" असं लिहिलेलं असतं. तो आकडा वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हमखास मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरावर लिहिणं. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

---

स्क्रुटिनीवाले सर

मी एका सरकारी महाविद्यालयात शिकवतो आणि दर उन्हाळ्यात सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसतो. चिंचवडच्या दादांच्या बाबतीत जे झालं ते दरवर्षी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाटपाची पद्धत आधी डोक्यात बसू द्या. संगणक गुणवत्ता यादीत वरून खाली येतो. सईचा नंबर आला की तिचा पहिला पर्याय बघतो. तिला लागू असलेल्या जागांपैकी, म्हणजे खुल्या, ओबीसी आणि मुलींसाठीच्या, तिथे एखादी शिल्लक असेल तर देतो. नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा. तुम्ही सांगलीचं वालचंद पहिलं लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर दहाव्या नंबरावरच्या कॉलेजातला तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तिथे तिच्यामागे असलेल्या मुलाने तेच कॉलेज पहिलं लिहिलं असलं तरी आधी जागा सईलाच मिळेल. म्हणून यादी आवडीच्या क्रमानेच लिहायची. शक्यतेचा हिशेब करायचा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवताना. पर्याय ३०० पर्यंत देता येतात आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

आता फ्रीझ. यंदा, म्हणजे २०२५-२६ साठी, चार फेऱ्या आहेत, गेल्या वर्षीपर्यंत तीन होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसरीत पहिल्या सहापैकी कोणताही. तो नाकारला तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. त्याखालचा पर्याय लागला तर जागा स्वीकारण्याचे १,००० रुपये भरून बेटरमेंट निवडता येतं. हातातली जागा राहते आणि पुढच्या फेरीत वरची मिळाली तरच ती सुटते. म्हणून वरच्या जागा मन लावून भरा. "मिळालं तर बघू" असलं कॉलेज पहिल्या सहात नको.

कटऑफच्या पीडीएफ हे प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय आणि वर्षनिहाय असतात, फुकट. समुपदेशक ज्या रंगीत तक्त्यांचे पैसे घेतात ते यातूनच बनतात. वाचायला पहिल्यांदा अवघड जातं, पण अर्ध्या तासात जमतं. प्रत्येक रकान्यात वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतो. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. तुम्ही वाईचे, सईची बारावी सातारा जिल्ह्यातली असेल तर तुमची होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांत तिच्यासाठी एचचा रकाना, पुण्यात ओचा. पुण्याच्या कॉलेजचा एचचा आकडा बघून पालक हुरळून जातात, मग निराश होतात. गेल्या वर्षीचा मेरिट नंबर यंदाच्या नंबराशी सरळ लावू नका. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की नंबर बदलतात. पर्सेंटाइलने बघा आणि त्यातही थोडं इकडेतिकडे होणार हे धरून चाला.

आणि ताई, त्या टोकनबद्दल. सई ओबीसी आहे आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तर मुलींसाठीच्या जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे तिची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची रक्कम शासन भरतं, पूर्ण. पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेला ही सवलत नाही. म्हणजे त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून टोकन ठेवलं असतं तर तीस हजारांचा प्रश्नच नव्हता, चार वर्षांची फी गेली असती. त्यांनी हे तुम्हाला सांगितलं होतं का?

---

सईची आई

नाही सर. फीचा विषय मिस्टरांनीच काढला होता, तर म्हणाले "स्कॉलरशिपचं नंतर बघू."

तुमची पोस्ट मी मिस्टरांना वाचून दाखवली. त्यांनी परत वाचायला सांगितली.

---

नाशिकची मेधा

सरांचं सगळं बरोबर आहे, पण सरसकट समुपदेशक नकोच असं म्हणू नये. आम्ही दोन वर्षांपूर्वी लावला होता आणि मला त्या पैशांची एक दिवसही रुखरुख वाटली नाही.

त्या एक निवृत्त प्राध्यापिका. तासाचे १,२०० घेतात, आम्ही दोनदा गेलो. पहिला तास त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि मुलाशी एकट्याने बोलल्या. घरी तो "कॉम्प्युटर, कॉम्प्युटर" करायचा. तिथे तासाभरात बाहेर आलं की वर्गातले सगळे तेच म्हणतात म्हणून तोही म्हणतोय. बारावीत त्याला सगळ्यात जास्त रमवलं ते भौतिकच्या प्रयोगशाळेने. गच्चीवर पाण्याची टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं सर्किट त्याने दहावीतच बनवलं होतं, आणि हे आम्हाला, त्याच्या आईवडिलांना, इंजिनिअरिंगच्या संदर्भात सुचलंच नव्हतं. आज तो इन्स्ट्रुमेंटेशनला आहे आणि खूश आहे.

दुसऱ्या तासाला यादी. लॅपटॉप मुलासमोर, माउस त्याच्या हातात. त्या नुसत्या प्रश्न विचारत होत्या. या शाखेची पहिली तुकडी बाहेर पडली आहे का? एआय आणि डेटा सायन्सच्या नव्या तुकड्या सगळीकडे निघाल्यात, तिथे शिकवायला माणसं कोण आहेत? कॉलेज स्वायत्त आहे का? शाखेला एनबीएचं मानांकन आहे का, की कॉलेजच्या दारावर नुसता नॅकचा फलक आहे? वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांना जागा मिळते का? आठ कॉलेजांवर खूण करून म्हणाल्या, यातली चार तरी स्वतः बघून या, त्याशिवाय क्रम लावू नका. पासवर्ड मागायचा प्रश्नच आला नाही.

माझं मत असं की माणूस तुमच्या मुलाला वेळ देत असेल तर त्या वेळेचे पैसे द्यावेत, आनंदाने द्यावेत. जागा मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नये.

---

तिसऱ्या वर्षाचा

काकू, मी सांगलीत शिकतो. आमच्या बॅचमधल्या कुणालाही विचारा, यादी बनवायला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला, तर कॉलेजातल्या मुलांशी बोलण्याचा. तुम्ही सईला घेऊन कॉलेज चालू असताना जा. ऑफिसात नको, कॅन्टीनमध्ये बसा. मुली स्वतःहून सांगतात लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, होस्टेलचं जेवण कसंय, प्लेसमेंटच्या फलकावरची किती नावं खरी.

एक गोष्ट सरांच्या पोस्टमध्ये आली नाही, ती टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कुठल्याही प्रवर्गाच्या मुलाला या जागा मागता येतात आणि शिक्षण शुल्क माफ होतं. पण त्याचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी टी असलेला. साधा कोड भरला म्हणजे टीचा आपोआप धरला जात नाही. माझ्या रूममेटचा फॉर्म एका सायबर कॅफेवाल्याने भरला, एकही टीचा कोड टाकला नाही. तो खुल्या प्रवर्गातला, वडील एसटीत कंडक्टर. त्याचे मार्क बसत होते. आता तो शिकवण्या घेऊन फी भरतो. सईला मुलींची सवलत आहे म्हणून तिला कदाचित लागणार नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

---

लातूरची ताई

मेडिकलबद्दल पण लिहिते, कारण तिकडे आकडे मोठे आणि माणसं जास्त घाबरलेली. नीटचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. यांना आपला नंबर आणि मार्क कुठून मिळतात देव जाणे. माझ्या भावाला एकाने सांगितलं, खासगी कॉलेजात मॅनेजमेंटची जागा "आत्ता बुक करा". लक्षात ठेवा, राज्यातल्या खासगी मेडिकल कॉलेजांच्या संस्था कोट्याच्या जागासुद्धा सीईटी सेलमार्फतच, नीटच्या गुणवत्तेवर भरतात. परस्पर बुक करायला कुणाच्या हातात जागाच नसते. आणि पावतीबाहेरचे पैसे मागणं म्हणजे कॅपिटेशन फी, ती घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ती गोष्ट जमली नाही तेव्हा त्याच माणसाने परदेशातलं एमबीबीएस काढलं, आणि "आमची फी शून्य". फी शून्य, मग त्याचं घर कशावर चालतं? विद्यापीठाकडून दर मुलामागे कमिशन मिळतं. तो मुलाच्या बाजूने बोलत नसतो. भावाने वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम काढून वाचले: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यानंतर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, मधेच विद्यापीठ बदलायचं नाही. नियम पुढे ठेवून विचारलं की तुमच्या कॉलेजात यातलं काय काय आहे, तर परत फोन आला नाही. भाच्याने रिपीट केलं, आता सरकारी बीएएमएसला आहे.

---

एडिसनहून

आम्ही पंधरा वर्षं न्यू जर्सीत आहोत. इथे पद्धत अगदी वेगळी, तरी हा धागा वाचताना ओळखीचं खूप वाटलं. इथे प्रवेश एका परीक्षेवर होत नाही. शाळेचे मार्क, निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेर काय केलं, सगळं बघतात. शाळेत समुपदेशक असतो पण त्याच्याकडे शेकड्यांनी मुलं. म्हणून खासगी समुपदेशक लावणारे आपले लोक भरपूर. काही जण तासावर घेतात, काही पॅकेजचे हजारो डॉलर.

आम्ही लेकीसाठी पाच तास घेतले. निवडताना मी दोनच गोष्टी बघितल्या. कुठल्याही कॉलेजकडून पैसे घेता का? इथल्या स्वतंत्र समुपदेशकांच्या आयईसीए या संघटनेच्या नियमांत कॉलेजकडून मोबदला घ्यायला मनाई आहे, म्हणून त्या यादीतली बाई शोधली. आणि निबंध कोण लिहिणार? कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जाचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा आणि अर्ज पाठवताना मुलाला सही करावी लागते की हे सगळं माझं स्वतःचं आहे. लेकीने पहिला मसुदा तिच्या रोबोटिक्सच्या बक्षिसांवर लिहिला होता. बाईंनी तो वाचला आणि विचारलं, शनिवारी सकाळी तू काय करतेस? ती माझ्या सासूबाईंबरोबर मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवायला जाते. निबंध त्यावर झाला. बाईंनी एक वाक्यही स्वतः लिहिलं नाही.

२०१९ मध्ये इथे मोठं प्रकरण उघडकीला आलं. रिक सिंगर नावाचा समुपदेशक श्रीमंत पालकांच्या मुलांना परीक्षेत हेराफेरी करून, खोटे खेळाडू बनवून नामांकित विद्यापीठांत घुसवत होता. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, काही पालकही तुरुंगात गेले. त्यानेही "मागच्या दाराने नाही, बाजूच्या दाराने" असंच सांगून पैसे घेतले होते. सईच्या आई, "ओळख आहे" हे शब्द कुठल्याही देशात ऐकू आले तरी तिथून उठा.

---

सईची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी "मग नंतर आमच्याकडे येऊ नका" असं म्हटलं, तेव्हा मिस्टर शांतपणे "बरं" म्हणाले.

गेले दहा दिवस आमच्याकडे जेवणं झाली की ताटं बाजूला आणि पीडीएफ मध्ये. सईने शंभर पानी वही केली आहे. एका पानावर एक कॉलेज. डावीकडे दोन वर्षांचे आकडे, एच की ओ ते लाल पेनाने. उजवीकडे तिने स्वतः बघितलेलं: वाईहून किती बस बदलाव्या लागतात, होस्टेल, तिथल्या मुली काय म्हणाल्या. मिस्टर दुकान बंद ठेवून तिला तीन कॉलेजांना घेऊन गेले. एका ठिकाणी ते आत न जाता वर्कशॉपच्या दारात उभे राहून लेथ बघत बसले. तिथल्या कामगारांशी बोलून आले आणि म्हणाले, यंत्रं वापरात आहेत, नुसती रंगवून ठेवलेली नाहीत. तो शेरा सईने त्या पानावर लिहिलाय, "पप्पा: यंत्रं वापरात".

मेधाताईंसारख्या साताऱ्यातल्या एका सरांकडे एक तास गेलो, हजार रुपये. त्यांनी सईला विचारलं, कॉम्प्युटर नाही मिळालं तर तुला चांगल्या कॉलेजातलं ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) आवडेल की साध्या कॉलेजातलं कॉम्प्युटर? ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, सांगते पण घरी जाऊन. घरी तिने वहीतली पानं जमिनीवर पसरून परत क्रम लावला. एकूण ५८ पर्याय झाले. फॉर्म तिनेच भरला आणि लॉक तिनेच केला. बटण दाबताना माझा हात तिच्या खांद्यावर होता एवढंच.

---

सईची आई (पहिली फेरी लागल्यावर)

चौदावा पर्याय लागला! सरकारी कॉलेज, शाखा ईअँडटीसी. हजार रुपये भरून बेटरमेंट केलंय. तिच्या वर तेरा पर्याय शिल्लक आहेत. आता दुसऱ्या फेरीसाठी तीच यादी ठेवायची की बदलायची?

---

स्क्रुटिनीवाले सर

अभिनंदन, सईला सांगा. यादी तीच ठेवली तरी चालेल, पण लॉक करण्याआधी पहिले तीन पर्याय पुन्हा वाचा. या फेरीत तिघांपैकी काहीही लागलं तरी ते घ्यावंच लागणार आहे. पहिल्या फेरीची कटऑफ पीडीएफ आली आहे. वरच्या तेरा पर्यायांचा शेवटचा मेरिट नंबर किती अंतरावर थांबला ते वहीत नोंदवा, म्हणजे पुढे किती आशा ठेवायची ते तिचं तिलाच कळेल. आणि नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध आहे ना, ते प्रमाणपत्र आज काढून एकदा बघा. तारीख आधीची असेल तर उद्याच तहसील कार्यालयात जा.